फुकट फुटेज हवंय? सुरुवात नाशिकपासून करा

टाइमलाइनवर आवाज चढवून झाला, गाणं बसलं, नावांच्या पाट्या तयार झाल्या आणि मध्येच वीस सेकंदांचं भगदाड राहिलं. दाखवायला चित्रच नाही! गंगापूर रोडचा लग्नाचा शूटर, कॉलेज रोडवर कॅफेंचे रील करणारी पोरं, सिडकोतल्या एका खोलीतून इतिहासाचं चॅनेल चालवणारे सर, सगळ्यांची गाडी इथेच अडते. मग रात्री अकराला ‘फ्री फुटेज’ असा शोध सुरू होतो आणि समोर येतात न्यूयॉर्कचा पाऊस, लंडनचं धुकं आणि लॅपटॉपसमोर हसणारी गोरी माणसं. नाशिक कुठे आहे? आहे, आणि चांगलं ऐटीत आहे. देशातल्या सर्वांत जुन्या, मोकळ्या फुटेजमध्ये पहिला मान आपल्याच गावाचा.

‘पहिल्या सिनेमा’ची क्लिप कुठली?

भारतीय सिनेमावरच्या बहुतेक व्हिडिओंत एक दृश्य हमखास दिसतं. राजा हरिश्चंद्र मुलाला धनुर्विद्या शिकवतोय, शेजारी राणी तारामती उभी. खाली पट्टी: ‘भारताचा पहिला चित्रपट, १९१३’. दादासाहेब फाळक्यांचा मूळ ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फुटांचा होता. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याचे १४७५ फूट आहेत, पहिलं आणि शेवटचं रीळ. पण फाळक्यांनी हाच विषय १९१७ साली पुन्हा चित्रित केला होता, आणि उरलेली रिळं त्या दुसऱ्या आवृत्तीची आहेत, असं काही चित्रपट-इतिहासकार ठामपणे मांडतात.

आता तारखा जुळवा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला तेव्हा फाळक्यांचा कारखाना दादरला होता. त्याच वर्षी ते बिऱ्हाड-बाजल्यासह नाशिकला आले आणि पुढचा ‘मोहिनी भस्मासुर’ इथेच झाला. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई त्यात कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि भारतीय सिनेमात स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याची सुरुवात झाली. म्हणजे इतिहासकारांचा तर्क बरोबर असेल, तर ‘मुंबईचा पहिला सिनेमा’ म्हणून जगभर फिरणारी ती क्लिप नाशिकच्या कारखान्यातून निघालेली आहे. माझं तर सांगणं आहे की पट्टीत ‘राजा हरिश्चंद्र, दिग्दर्शन : दादासाहेब फाळके’ एवढंच लिहा. १९१३ हा आकडा छातीठोकपणे टाकू नका.

एक हिशेब एडिटर मंडळींना फार आवडेल. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेमच्या आसपास. म्हणजे एक फूट बरोबर एक सेकंद! १४७५ फूट म्हणजे साडेचोवीस मिनिटं. हीच क्लिप आपण २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर तशीच टाकतो आणि राजा, राणी, ऋषी सगळे तुरुतुरु पळायला लागतात. क्लिपचा वेग ६५ टक्क्यांच्या आसपास आणा. हरिश्चंद्र राजासारखा चालू लागेल. आपल्या पहिल्या चित्रपटकर्त्याचं काम निदान त्याच्या गावच्या लोकांनी तरी धावपळीचं करून दाखवू नये.

‘हरिश्चंद्र’पेक्षा मोठा खजिना ‘कालिया मर्दन’ आहे. साल १९१९, कंपनी नाशिकची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स, आणि बाळकृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपटाचा बराच भाग टिकून आहे. सुरुवातीला ही चिमुरडी कॅमेऱ्यासमोर वेगवेगळे हावभाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. शंभर वर्षांपूर्वीच्या एका मराठी मुलीचा इतका जवळून पाहिलेला चेहरा दुसरीकडे शोधून सापडणं कठीण. कॉपीराइट कधीच संपलाय, आणि ‘राजा हरिश्चंद्र’प्रमाणे हाही चित्रपट इंटरनेटवर पाहायला मिळतो. चांगल्या प्रतीची नक्कल हवी असेल तर पुण्याच्या संग्रहालयाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. १९६४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात फाळक्यांचं काम आज आहे, ते तिथल्या पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे. त्यांचे उपकार विसरू नयेत.

टाइमलॅप्सचा आजोबा वाटाणा होता

स्टॉक साइटवर उमलतं फूल, धावते ढग, उगवणारं रोप अशा टाइमलॅप्स क्लिपांचा पूर असतो. आपल्याकडे हे काम १९१२ साली झालंय. लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन फाळके परतले, पण भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे फ्रेम घेत त्याची वाढ टिपली. पडद्यावर मिनिटभरात बी रुजलं, कोंब फुटला, वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ पाहून सावकाराचा विश्वास बसला आणि भारतीय सिनेमाला पैसा मिळाला. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्याही पडद्यावर नाचवल्या. तळेगावच्या काच कारखान्यावरही त्यांनी छोटा माहितीपट केला. आज त्याला आपण कॉर्पोरेट व्हिडिओ म्हटलं असतं.

साठ वर्षं कुणाची मोजायची?

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं टिकतो. १९६० चा चित्रपट १ जानेवारी २०२१ ला मोकळा झाला. दरवर्षी १ जानेवारीला आणखी एक वर्ष मोकळं होतं. सरकारी माहितीपटांनाही हाच ६० वर्षांचा नियम. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे सुरुवातीचे कितीतरी माहितीपट आणि वृत्तपट त्यामुळे या हद्दीबाहेर आले आहेत.

आधी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्याचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. एका कवीपायी साऱ्या देशाचं घड्याळ दहा वर्षं पुढे सरकलं!

पण चित्रपट मोकळा झाला म्हणजे त्यातलं सगळं मोकळं झालं, असं समजू नका. लेखनाची आणि संगीताची साठ वर्षं कर्त्याच्या मृत्यूनंतर मोजतात. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. गुरुजी १९५० साली गेले, म्हणून पुस्तक २०११ पासून मोकळं. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, तो २०१४ पासून मोकळा. पण खुद्द अत्रे गेले १९६९ मध्ये, त्यांच्या लेखणीवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत. संगीतकार वसंत देसाई १९७५ साली गेले, त्यांच्या चालींसाठी २०३५ अखेरपर्यंत थांबायचं. एकच चित्रपट, चार घड्याळं. आई-श्यामचं दृश्य घेताना खाली गाणं वाजतंय का, एवढं कान देऊन ऐका.

हाच घोळ २७ फेब्रुवारीला सर्वांत जास्त होतो. मराठी भाषा गौरव दिनाला फुकट सूर्योदयाची क्लिप लावून कुसुमाग्रजांची कविता वाचणारे रील ढिगाने येतात. क्लिप फुकट असते, कविता नसते. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी गेले, म्हणजे हक्क २०५९ अखेरपर्यंत. कुसुमाग्रजांचा स्वतःचा सिनेमाशी संबंध होता, हे मात्र त्या रीलमध्ये कुणी सांगत नाही. १९३४ साली नाशिकच्या गोदावरी सिनेटोनच्या ‘सती सुलोचना’साठी त्यांनी पटकथा लिहिली आणि लक्ष्मणाची भूमिकाही केली.

भगूरचे सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०२७ पासून मोकळं होतंय. त्यांच्या गीतांच्या ध्वनिमुद्रित चाली मात्र त्यात येत नाहीत. तुकोबांचा अभंग साऱ्या जगाचा, पण कुणी गायलेली त्याची रेकॉर्ड ती काढणाऱ्या कंपनीची. नाशिक ढोलच्या रेकॉर्डिंगलाही हेच लागू. ढोल गावाचा असला तरी रेकॉर्डिंगला मालक असतो. त्यापेक्षा ओळखीच्या पथकाला विचारा, सरावाच्या वेळी मोबाइल आणि एक बरा माइक घेऊन जा, पथकाचं नाव द्या. पोरं आनंदाने वाजवतील.

परदेशी गोदामांतली चार नवलं

फुकट क्लिपांचं पिक्साबे २०१० साली जर्मनीत सुरू झालं, पेक्सेल्सही जर्मनीचंच, आणि २०१९ साली दोन्ही कॅनव्हाने घेतली. मिक्सकिट, कव्हर ही आणखी दोन नावं. इथल्या क्लिपा कमाईच्या व्हिडिओतही चालतात आणि श्रेय देणं बंधनकारक नसतं. पण क्लिप जशीच्या तशी विकायची नाही, आणि ओळखू येणाऱ्या माणसाची बदनामी होईल असा वापर करायचा नाही. ‘कर्जबाजारी शेतकरी’ किंवा ‘व्यसनी तरुण’ अशा मजकुरावर कुणाचाही चेहरा चिकटवणारे हा नियम रोज मोडतात.

आणि अटी बदलतात. पिक्साबेवर जानेवारी २०१९ च्या आधी सगळं संपूर्ण मोकळ्या सीसी-झिरो परवान्याखाली असायचं, नंतर त्यांनी स्वतःचा परवाना आणला. म्हणून क्लिप उतरवली की त्याच वेळी परवान्याच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकायचा. पुढे क्लेम आला तर हाच कागद कामाला येतो.

नासाचं बहुतेक फुटेज कॉपीराइटमुक्त असतं, कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कामाला तिथे कॉपीराइटच नाही. अंतराळ स्थानकातून दिसणारी रात्रीची पृथ्वी हवी तेवढी घ्या, फक्त नासाचं बोधचिन्ह वापरून त्यांचा पाठिंबा असल्याचा भास करू नका. रिक प्रेलिंगर नावाच्या गृहस्थाने १९८२ पासून टाकाऊ समजल्या गेलेल्या शैक्षणिक, औद्योगिक आणि जाहिरातींच्या फिल्म गोळा केल्या. २००२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो संग्रह घेतला, आणि त्यातल्या हजारो फिल्म इंटरनेट आर्काइव्हवर फुकट उतरवता येतात. ब्रिटिश पाथेने मात्र २०१४ साली ८५,००० वृत्तपट यूट्यूबवर टाकले ते बघण्यासाठी. वापरायला पैसे लागतात.

मोठी माणसंही उरलेल्या फुटेजवर भगदाडं बुजवतात. ‘ब्लेड रनर’ (१९८२) या चित्रपटाच्या त्या वेळच्या शेवटात डोंगरातून जाणाऱ्या रस्त्याची हवाई दृश्यं आहेत. रिडली स्कॉटने ती स्टॅन्ली कुब्रिककडून मागून आणली होती, ‘द शायनिंग’साठी घेतलेली आणि न वापरलेली!

आता खास द्राक्षवाल्यांसाठी. विंडोज एक्सपीचा तो हिरवा डोंगर आणि निळं आभाळ आठवतंय ना? चार्ल्स ओ’रिअरने १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढलेला तो फोटो एका स्टॉक एजन्सीमार्फत मायक्रोसॉफ्टकडे गेला. तिथे एरवी द्राक्षमळे असत. फिलॉक्झेरा किडीने वेली गेल्या, मळा काढून टाकला, म्हणून गवत दिसलं. जगातल्या सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या फोटोंपैकी एक, आणि त्यामागे उजाड झालेली द्राक्षबाग. पिंपळगाव-दिंडोरीच्या बागायतदाराला त्या हिरव्या रंगाची किंमत बरोबर कळेल.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांच्या दोन खुणा तेवढ्या पाठ करा. ‘एनसी’ असेल तर कमाईच्या कामात क्लिप नको. ‘एनडी’ असेल तर क्लिपमध्ये बदल करून आपला व्हिडिओ प्रसिद्ध करता येत नाही, म्हणजे कापाकापी आलीच की एडिटरच्या दृष्टीने ती निरुपयोगी.

घाट बघून नाव लिहा

मला सर्वांत जास्त खटकतं ते हे: बातमीत, माहितीपटात, अगदी शाळेच्या प्रोजेक्टमध्येसुद्धा गोदावरी म्हणून काशीची गंगा दाखवली जाते. घाट, दिवे, आरती दिसली की झालं! ओळखायला अवघड नाही. काशीत नदी अफाट रुंद, एका काठाला उंच पायऱ्यांची रांग, पलीकडे मोकळी वाळू, पाण्यात नावाच नावा. आपल्या रामकुंडावर दोन्ही काठ जवळ, पाणी बांधलेल्या कुंडांतून वाहतं. काठावर नारोशंकराचं काळ्या दगडाचं देऊळ, आणि नदीपात्रात उभा दुतोंड्या मारुती. मारुती दिसला की नाशिक, शंकाच नको.

हाच मारुती तारखेचीही परीक्षा घेतो. गोदावरीच्या पुराची पातळी नाशिककर त्याच्यावरून सांगतात: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं. पण बुडालेला मारुती दर पुरात सारखाच दिसतो, त्यामुळे पावसाळा आला की २०१६ किंवा २०१९ च्या पुराच्या क्लिपा ‘आत्ताच्या’ म्हणून फिरू लागतात आणि सायखेडा-चांदोरीकडच्या माणसांच्या काळजाचा ठोका चुकतो. जुनं फुटेज वापरायचं तर कोपऱ्यात वर्ष लिहा. दोन सेकंदांचं काम आहे.

स्वतः शूट करायचं तर काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात मोबाइल, कॅमेरा नेता येत नाही, तेव्हा गाभाऱ्याची क्लिप कुठे ‘फ्री’ म्हणून दिसली तर हात लावू नका. पांडवलेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, तिथे ट्रायपॉड लावायचा किंवा व्यावसायिक शूट करायचं तर परवानगी लागते. पायथ्याशीच फाळके स्मारक आहे. ड्रोनच्या बाबतीत नाशिक फार नाजूक: देवळालीला तोफखाना, गांधीनगरला लष्कराचा हवाई तळ, ओझरला विमान कारखाना आणि विमानतळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. उडवण्याआधी ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा आणि पोलिसांचे चालू आदेश दोन्ही बघायचे. चौकातल्या पुतळ्यांची मात्र काळजी नको. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाला चित्रपटात दाखवायला आपला कायदा मोकळीक देतो.

आता देण्याची पाळी

२०२७ मध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. जगभरातल्या एडिटरना नाशिक लागणार आहे, आणि मोकळ्या गोदामात नाशिक सापडलं नाही की ते पुन्हा काशी-प्रयागच लावतील. आपल्या हार्ड डिस्कमध्ये काय काय पडून आहे, ते आठवा. पहाटेची फुलबाजारातली झेंडूची पोती, पेठ रोडवर भाजीचे क्रेट उतरवणारे हमाल, येवल्याच्या मागावर सरकणारा धोटा, पहिल्या पावसातला ब्रह्मगिरी, रंगपंचमीच्या रहाडीतल्या उड्या. प्रत्येकी पंधरा सेकंद, कॅमेरा स्थिर, वर गाणं नको, तारीख आणि जागा लिहिलेली.

विकिमीडिया कॉमन्सवर खातं फुकट उघडता येतं. तिथे कॅमेऱ्याची एमपी-फोर फाइल थेट घेत नाहीत, वेबएम लागते. ‘व्हिडिओ-टू-कॉमन्स’ नावाचं साधन ते रूपांतर करून देतं. नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. घाटावर अंघोळ करणाऱ्या बायाबापड्यांवर कॅमेरा रोखू नका. ज्याचा चेहरा जवळून घ्याल त्याला आधी विचारा. कॅमेऱ्याशी बोलणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही विचारा.

येत्या रविवारी जुनी हार्ड डिस्क उघडा, नाशिकच्या पाच चांगल्या क्लिपा निवडा आणि टाकून द्या. लागतील तेव्हा त्या तुम्हालाही तिथे मिळतील, आणि बार्शीच्या, बेळगावच्या, बडोद्याच्या एखाद्या पोराच्या टाइमलाइनवर खरी गोदावरी दिसेल.